सहासष्ट भागिले पंचवीस

एम.एस्सी.ला मला सहासष्ट टक्के पडले, तेव्हा जळगावच्या आमच्या कॉलेजात रसायनशास्त्रात एवढे टक्के त्याआधी कधी पडल्याचं कुणाला आठवत नव्हतं. ऐंशीच्या दशकाचा मध्य होता. पेपर तपासणारे हात आखडूनच मार्क द्यायचे. साठाच्या वर गेलं की प्रथम वर्ग, आणि तो वर्गातल्या दोघातिघांना मिळाला तरी विभागात समाधान असायचं. आज ज्यांची मुलं पंच्याण्णव टक्के घेऊन तोंड पाडून बसतात, त्यांना हे सांगून पटत नाही.

घर धुळ्याला, देवपुरात. माझे वडील, म्हणजे नाना, तिथल्याच एका हायस्कुलात गणित शिकवायचे. नानांच्या दोन भाषा होत्या. मायशी, माझ्याशी आणि गावाकडच्या माणसांशी अहिराणी. शाळेत आणि रागावले की घरातही, अगदी पुस्तकातलं मराठी. मुलीला शिकवणारा माणूस म्हणून त्यांचं नातेवाइकांत नाव होतं आणि ते त्यांना आवडायचं. मी जळगावला होस्टेलवर राहायला गेले तेव्हा माझ्या चुलत्यांनी भर पंगतीत विचारलं होतं, "भाऊ, पोरगीले इतलं शिकाडीसन काय करशी?"

नाना ताटावरून मान वर न करता म्हणाले, "ती जितलं शिकी तितलं शिकाडसू. मी आडवा येवाव नही."

 मला त्या दिवशी नानांचा एवढा अभिमान वाटला की होस्टेलवर पोचल्यावर मी मैत्रिणीला ते वाक्य दोनदा ऐकवलं.

परदेशाचं खूळ डोक्यात शिरलं ते एका पत्रामुळे. कॉलेजच्या ग्रंथालयात एक परदेशी नियतकालिक यायचं, सहा-सात महिने उशिरा. त्यातल्या एका लेखातली एक अभिक्रिया मी प्रयोगशाळेत करून पाहिली आणि माझं उत्पादन त्यांच्यापेक्षा वेगळं निघालं. मी ते सगळं एका एरोग्रामवर लिहून अमेरिकेतल्या त्या प्राध्यापकांना पाठवलं. उत्तर येईल असं वाटलं नव्हतं. आलं. त्यांनी माझ्या निरीक्षणावर चार ओळी लिहिल्या होत्या आणि शेवटी, तुम्ही पुढच्या शिक्षणासाठी आमच्याकडे अर्ज का करत नाही, असं विचारलं होतं. मागाहून एक जाडजूड पाकीट आलं. त्यात विद्यापीठाची माहितीपुस्तिका आणि अर्ज.

नाना मला घेऊन मुंबईला गेले, इंग्रजीच्या परीक्षेला. मी आत पेपर लिहीत होते तेव्हा ते बाहेर उन्हात उभे होते. बाहेर आल्यावर त्यांनी विचारलं, "कसा गया?" मी म्हटलं, चांगला गेला. ते म्हणाले, "चांगलाच जाई." परतीच्या गाडीत मात्र ते सारखं खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं दमले असतील.

त्या परीक्षेचे मार्क चांगले आले. अर्ज तेवढा राहिला होता. त्यात एक रकाना होता: ग्रेड पॉइंट अॅव्हरेज, चारपैकी. किमान तीन हवेत, असं पुस्तिकेत लिहिलं होतं. चारपैकी म्हणजे काय, हे देवपुरात कुणाला माहीत असायचं कारणच नव्हतं. आमच्याकडे ग्रेड म्हणजे कापसाची. खरेदी केंद्रावर ग्रेडर गाडीतल्या कापसात हात घालायचा, मूठभर बाहेर काढून चोळायचा आणि एका शब्दात वर्षभराच्या मेहनतीचा निकाल लावायचा. मायनं विचारलं, "कापूसनी ग्रेड ऱ्हास तशी का व?" मी हसले आणि म्हटलं, सरांना विचारते.

सर म्हणजे आमचे विभागप्रमुख. शिकवायला असा माणूस मी नंतर पाहिला नाही. फळ्यावर रेणू काढताना त्यांचा हात कुठं अडायचा नाही. माझ्यावर त्यांचा जीव होता, निदान मी तसं समजत होते. मी पुस्तिका घेऊन त्यांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी ती वाचली, चष्मा काढला, टेबलावरचा फिल्टर पेपर ओढला आणि त्यावर पेनानं मांडलं.

"सोपं आहे. त्यांचे चार म्हणजे आपले शंभर. म्हणजे पंचविसाला एक. तुझे सहासष्ट." त्यांनी भागाकार केला. "दोन पूर्णांक चौसष्ट. त्यांना तीन लागतात."

"म्हणजे पंच्याहत्तर टक्के? सर, आपल्याकडे पंच्याहत्तर कुणाला पडतात?"

"पडत नाहीत. म्हणून आपल्याकडची मुलं तिकडं जात नाहीत."

"पण इथं लिहिलंय सर, परदेशी विद्यार्थ्यांनी आपापल्या पद्धतीचेच मार्क लिहावेत, रूपांतर करू नये."

"लिहिलेलं असतं. शेवटी तिथला कारकूनही हाच भागाकार करणार." मग ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे बघ, एकदा नकार आला की त्याची नोंद राहते. पुन्हा कुठंच दार उघडत नाही. उगाच नाव खराब करून घेऊ नकोस. इथं काय कमी आहे? धुळ्याला ज्युनिअर कॉलेजात जागा निघतेय, मी शब्द टाकतो."

मी शनिवारच्या एस.टी.नं घरी आले. नाना ओट्यावर सहामाहीचे पेपर तपासत होते. मी सांगितलं, सर म्हणाले दोन पूर्णांक चौसष्ट होतात, जमणार नाही. नानांनी हातातल्या लाल पेनानं एका पेपराच्या कोपऱ्यात भागाकार करून पाहिला.

"बरोबर आहे," ते म्हणाले.

रागावलेले नव्हते, तरी पुस्तकातल्या मराठीत म्हणाले. ते माझ्या लक्षात यायला हवं होतं, पण त्या वेळी मला रडू आवरत नव्हतं.

त्या अमेरिकेतल्या प्राध्यापकांना मीच पत्र लिहिलं. तुमच्या आमंत्रणाबद्दल आभारी आहे, पण माझं ग्रेड पॉइंट अॅव्हरेज दोन पूर्णांक चौसष्ट असल्यामुळे मी पात्र नाही. त्याला उत्तर आलं नाही. कसं येईल? ज्यांनी मला कधी पाहिलं नव्हतं त्यांच्यासमोर मी स्वतःच्या हातानं स्वतःला जवळजवळ नापास म्हणून उभं केलं होतं. हे मला पुढं कळलं. तेव्हा मी फक्त प्रामाणिकपणा दाखवत होते.

ज्युनिअर कॉलेजात लागले. वर्षभरात लग्न ठरलं. स्थळ नानांनीच आणलं, देवपुरातलंच, आमच्या घरापासून चार गल्ल्यांवर. मुलगा पाटबंधारे खात्यात. माणूस चांगला निघाला, त्यांच्याबद्दल माझी तक्रार नाही. नाना संध्याकाळी पांझरा नदीच्या काठानं फिरायला निघत आणि परतताना आमच्याकडे चहाला थांबत. सगळे म्हणायचे, मुलगी असावी तर अशी, डोळ्यांसमोर.

पाचोऱ्याचा एक मुलगा आमच्या वर्गात दुसरा आला होता, बासष्ट टक्के. तो पुढच्या वर्षी अमेरिकेला गेला असं कानावर आलं. मला नवल वाटलं. मग मी स्वतःची समजूत घातली की त्याचा तिकडं कुणी मामा असेल, किंवा एखादं हलकं विद्यापीठ असेल. माणूस आपलं कमीपण टिकवण्यासाठीही काय काय कारणं शोधून काढतो.

कारण ते दोन पूर्णांक चौसष्ट मी खरं मानलं होतं. अमेरिका गेली याचं दुःख मला तितकं नाही. पण इथंही मला पीएच.डी. करता आली असती. सीनिअर कॉलेजात जागा निघाली तेव्हा प्राचार्यांनी स्वतः बोलावून अर्ज करायला सांगितलं. मी म्हटलं, नको सर, मला झेपणार नाही. जगाच्या मापात आपण तिसऱ्या पायरीच्या खालचे, हे एकदा मनात बसलं की पहिली पायरी चढायलाही पाय उचलत नाही.

नव्वदीचं दशक नुकतंच लागलं होतं तेव्हा पाचोऱ्याचा तो वर्गमित्र बहिणीच्या लग्नासाठी आला आणि पत्ता शोधत आमच्याकडेही आला. बरोबर बायको होती. मी भरीत-भाकरी केली. जेवण झाल्यावर तो माझ्या यजमानांना तिकडच्या प्रयोगशाळेबद्दल सांगत होता. मध्येच माझ्याकडे वळून म्हणाला, "खरं तर तुम्ही तिथं असायला हव्या होत्या. तुम्ही अर्जच का केला नाही?"

मी हसून म्हटलं, "माझे दोन पूर्णांक चौसष्ट होत होते. तीन लागतात ना."

"हे कुणी काढलं?"

"पंचविसानं भागून."

 "असं भागायचं नसतं हो. तिकडं नव्वदाच्या वर ए, ऐंशीच्या वर बी, आणि साठाच्या घरात म्हणजे काठावर पास. तिथले पेपरच तसे असतात, मार्क सढळ हातानं देतात. तुमचे सहासष्ट त्या मापानं मोजले तर तुम्ही ढ ठरता. पण आपल्याकडे सहासष्ट म्हणजे सगळ्यांच्या वर. त्यांच्या भाषेत ते ए, चारला चार. ते लोक हे जाणतात. फक्त कुणीतरी तसं लिहून द्यावं लागतं."

"तुमचं कुणी लिहून दिलं?"

"सरांनीच. मला म्हणाले, टक्के भागत बसू नको, मार्कशीट जशीच्या तशी लाव, मी पत्र देतो. आमच्याकडे साठ म्हणजे प्रथम वर्ग, तो फार थोड्यांना मिळतो, आणि हा वर्गात दुसरा आहे, असं त्यांनी लिहिलं." मग त्यानं विचारलं, "तुम्हाला नाही सांगितलं? मी विचारलं होतं त्यांना तुमच्याबद्दल. ते म्हणाले, तिच्या घरचं काहीतरी आहे."

माझे यजमान माझ्याकडे बघत होते. मी ताटं उचलली आणि आत गेले. तो बिचारा जाताना दोनदा म्हणाला, मी बोलायला नको होतं. मी म्हटलं, बरं झालं बोललात.

त्या रविवारी मी जळगावला गेले. पारोळा, एरंडोल, रस्ता तोच. सर निवृत्त झाले होते. दारात मला पाहून त्यांचा चेहरा उजळला. त्यांच्या पत्नीनं पाणी आणलं, चहा ठेवायला आत गेल्या. मी वेळ घालवला नाही. त्या मुलाला जे सांगितलं ते मला का सांगितलं नाही, एवढंच विचारलं.

सरांनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, "तुझे वडील आले होते माझ्याकडे."

मला आधी समजलंच नाही.

"तू पुस्तिका घेऊन आलीस, त्याच्या आदल्या आठवड्यात. डिपार्टमेंटमध्ये येऊन बसले. म्हणाले, मुलीला मी नाही म्हणू शकत नाही, चार लोकांत शब्द दिलाय. पण ती गेली तर परत यायची नाही. तुमचं ती ऐकते, तुम्ही काहीतरी मार्ग काढा. डोळ्यांत पाणी होतं गं त्यांच्या. एका बापाला मी काय सांगणार होतो?"

"मला सांगायचं होतं सर, की वडिलांची इच्छा नाही."

"त्यांनी शपथ घातली होती."

"म्हणून भागाकार केलात."

"मी आकडा खोटा सांगितला नाही," सर म्हणाले. आणि मग, "तुझं वाईट झालं का? चांगलं घर मिळालं, नोकरी आहे. ती नोकरीही मीच..."

त्यांच्या पत्नी चहा घेऊन आल्या. मी चहा घेतला. भांडण करायला गेले होते, पण समोर एक म्हातारा माणूस कपबशी हातात धरून माझ्या तोंडाकडे बघत होता. त्याला आता माझ्याकडून काय हवं होतं ते मला दिसत होतं, आणि ते मी दिलं नाही. येते म्हणाले आणि निघाले.

धुळ्याला उतरून मी सासरी न जाता सरळ माहेरी गेले. नाना आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते. माय ओट्यावर मेथी निवडत बसली होती.

"तुम्ही सरांना भेटायला जळगावला गेला होता?" मी विचारलं.

कधी, असं त्यांनी विचारलं नाही. वर्तमानपत्राची घडी घातली आणि म्हणाले, "हो."

"मला सांगायचं होतं नाना."

"तू ऐकलं नसतंस."

"ऐकलं असतं. तुम्ही नको म्हणाला असता तर मी रडले असते, आठ दिवस बोलले नसते, पण थांबले असते. तुम्हाला ते माहीत होतं."

नाना खाली बघत म्हणाले, "मग मी आडवा आलो असं झालं असतं."

मी उभीच होते. खरं सांगायचं तर, सरांच्या घरून निघाल्यापासून मी नानांची बाजू मनात मांडत आले होते. बाप आहे, जीव तुटला असेल, एकुलती एक मुलगी सातासमुद्रापार, भीती वाटली असेल. त्यांनी यातलं एक जरी वाक्य म्हटलं असतं तरी मी तिथंच बसले असते. पण त्यांना स्वतःचं नाव जपायचं होतं. चारचौघांत मुलीला शिकवणारा बाप राहायचं होतं, आणि मुलगी जायलाही नको होती. दोन्ही साधलं. त्यासाठी मुलगी कमी पडली असं तिलाच पटवून द्यावं लागलं, एवढंच.

"मी कमी पडले असं समजून मी जगत होते," मी म्हटलं.

"कमी कोण म्हणालं तुला? आम्ही तर सगळ्यांना सांगतो..."

"सगळ्यांना सांगता. मला सांगितलं नाही."

त्यांनी वर्तमानपत्र पुन्हा उघडलं. मायनं मेथीची जुडी खाली ठेवली होती. मी चपला घालत असताना ती दाराशी आली. मी तिला विचारलं, तुला ठाऊक होतं का?

"माले कोनी इचारं नही," ती म्हणाली. मग हळूच, आत ऐकू जाणार नाही असं, "मी तं तुले धाडी देती."

ती चौथी शिकलेली. मी तिला कधी काही विचारलं नव्हतं, हेही खरं. आमच्या घरात मोठे निर्णय म्हणजे नाना आणि मी.

नंतर नाना पूर्वीसारखेच संध्याकाळी येत राहिले. मी चहा करत राहिले. भाजीचे भाव, पेन्शन, पांझरेला पाणी आलं की नाही, मुलांचा अभ्यास, यावर आम्ही बोलायचो. ते कधी मुद्दाम जास्त वेळ बसत आणि घसा खाकरत. मला वाटायचं, आता बोलतील. मग ते उठून छत्री घ्यायचे. मीही त्यांना वाट करून दिली नाही. त्यांनी स्वतः काढायची ती गोष्ट होती.

तोवर आमच्या भागात इंजिनिअरिंगची कॉलेजं निघाली होती. मुलं अर्ज घेऊन येऊ लागली, कारण कुणीतरी त्यांना सांगितलेलं असायचं की बाईंना ते चारपैकीचं कळतं. मी त्यांना सांगायची, भागू नका. वर्गातला क्रमांक मिळवा, प्रथम वर्ग किती जणांना मिळाला ते प्राचार्यांकडून लिहून घ्या, मार्कशीट आहे तशी पाठवा. त्यातली काही गेली. त्यांच्या आया पाया पडायला मुलांना घेऊन यायच्या आणि म्हणायच्या, पुण्य आहे तुमचं. मला तसं काही वाटायचं नाही. खरं तर काही वेळा पोरांचा हेवाच वाटायचा, इतका की तो लपवायला मी त्यांच्या स्पेलिंगच्या चुका काढत बसायची.

सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले तेव्हा जुन्या विद्यार्थ्यांनी जळगावला सत्कार ठरवला. पहिली आलेली विद्यार्थिनी म्हणून मी बोलावं असा आग्रह झाला. फोनवर मी आधी हो म्हटलं. रेणू काढणारा तो हात मला खरंच आठवत होता, आणि त्याबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ होतं. पण मांडायला बसले की दुसऱ्याच वाक्याला तो फिल्टर पेपर समोर यायचा. दोन दिवस आधी मी कळवलं की तब्येत बरी नाही. पुढं कुणीतरी म्हणालं, बाईंना सरांचे उपकार आठवत नाहीत.

सत्काराला नाना मात्र गेले. त्यांनाही आमंत्रण होतं. त्यांना पहिल्या रांगेत बसवलं, सरांनी व्यासपीठावरून त्यांचं नाव घेतलं आणि मुलींना शिकवणारे असे पालक त्या काळी विरळा होते, असं म्हणाले. हे मला नानांनीच सांगितलं, सांगताना मध्येच त्यांचा आवाज बारीक झाला. मग त्यांनी पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढून माझ्यासमोर ठेवला.

"सरांनी तुझ्यासाठी दिलेत," ते म्हणाले.

मी एक खाल्ला. पेढा चांगला होता. उरलेले मुलांसाठी डब्यात भरले आणि नानांना विचारलं, चहा घेणार का. ते हो म्हणाले.